चार नंबरच्या फाटकाची खूण

“एक्केचाळीस,” गुंजाळ म्हणाला आणि त्याने वही माझ्यासमोर उघडी ठेवली.

वहीत उभ्या रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी, अशी जुडगी बांधलेली. मी म्हटलं, “हे काय? क्रिकेटचा स्कोअर लिहिलाय की काय?”

“नाही मॅडम. चौकशी खिडकीवर महिनाभरात कोणी काय विचारलं, ते आहे. मंगलताई तीन आठवडे माझ्यासाठी रेघा मारत होत्या, चौथा आठवडा मी स्वतः त्यांच्या शेजारी बसलो. पहिला नंबर शौचालय. दुसरा, मोबाइल चार्ज कुठे करायचा. पुढे टॅक्सी, गेट, प्रार्थनेची खोली. आणि हे सतराव्या नंबरला, एक्केचाळीस वेळा.”

मी चष्मा लावून वाचलं. ‘बॉडी कुठे मिळेल?’

मी तेव्हा एका मोठ्या विमानतळाच्या जनसंपर्क विभागात अधिकारी होते. विमानतळाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत, उगाच कुणाच्या ताटात माती कशाला कालवा. नवीन टर्मिनल उघडायचं होतं आणि आमच्या वेबसाइटवर त्याचा नकाशा टाकायचा होता. कागदी नकाशा नव्हे. बोट लावलं की मजला बदलणारा, दुकानावर टिचकी मारली की त्याची वेळ सांगणारा, इथून तिथे जायचं म्हटलं की निळी रेघ काढून देणारा. वर्क ऑर्डर माझ्या सहीने निघाली होती. काम पुण्याच्या हर्षल गुंजाळला मिळालं. मूळचा सिन्नरकडचा, पस्तिशीचा, दोन खोल्यांचं ऑफिस आणि चार पोरं हाताखाली. त्याची एक खोड होती. नकाशा काढण्याआधी तो जागेवर जाऊन बसायचा. म्हणायचा, इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये भिंती असतात, माणसं काय शोधतात ते नसतं.

“मंगलला बोलवा,” मी म्हटलं.

मंगल तांडेल चौकशी खिडकीवर पंधरा वर्षं बसत होती. ती पदराला हात पुसत आली आणि वहीकडे बघून म्हणाली, “खरंय मॅडम. आखातातून येतात ना पेट्या. रोज एखादी तरी असतेच. घरची माणसं इथे टर्मिनलला येतात, आणि ताबा मिळतो तिकडे मागे, कार्गोच्या चार नंबर फाटकाला. अडीच किलोमीटर. टॅक्सीवाल्यांनासुद्धा ठाऊक नसतं. बिचारे काचेपलीकडून खुणा करतात मला. आत सोडत नाहीत, बाहेर कोणी सांगत नाही.”

“मग नकाशात खूण टाकू,” गुंजाळ म्हणाला. “चार नंबरचं फाटक, जायचा रस्ता, खिडकीची वेळ, कुठले कागद लागतात. एका टिचकीत सगळं.”

“नाव काय द्याल खुणेला?”

“सरळ लिहू. ‘पार्थिव ताब्यात घेण्याचं ठिकाण’.”

मी वही मिटली. उद्घाटन पाडव्याला होतं. मंत्री येणार होते, भल्यामोठ्या पडद्यावर तो नकाशा उघडायचा होता, वर गुढीचं चित्र आणि खाली माझी टॅगलाइन. त्यात कुठे तरी मढं निघणार! मेलं ते काय दिसलं असतं?

“अहो गुंजाळ, वर्षाचा पहिला दिवस आहे. सणाच्या दिवशी असलं अभद्र पडद्यावर नको.”

“पडद्यावर आपण फक्त दुकानं दाखवू, मॅडम. ती खूण आत राहील, शोधली तरच सापडेल.”

“आणि मंत्र्यांच्या पीएने नेमकी तिच्यावरच टिचकी मारली म्हणजे? नको. साहेबांना विचारून कळवते.”

दोन दिवसांनी मी त्याला कळवलं, साहेब नको म्हणाले, पाडव्यानंतर बघू. गुंजाळने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, “मी तयार करून ठेवतो. लपवलेली राहील. तुमचा एका ओळीचा मेल आला की चालू करतो.” तो निघून गेल्यावर मंगल दाराशी घुटमळली. म्हणाली, “मॅडम, मरण काय पंचांग बघून येतं?” मी तिला खिडकीवर जायला सांगितलं.

पाडवा झोकात पार पडला. नकाशा पडद्यावर उलगडला तेव्हा टाळ्या पडल्या. येणाऱ्यांच्या दारासमोर, रेलिंगच्या बाहेर, एक जागा आम्ही पिवळ्या रंगाने दाखवली होती आणि तिथे माझं वाक्य होतं, ‘आपल्या माणसांना इथे भेटा’. मंत्री ते मोठ्याने वाचून हसले. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्या एका मान हलवण्यावर मी पुढचे दोन महिने तरंगत होते, खोटं कशाला सांगू. वर्तमानपत्रांत आलं, दुसऱ्या विमानतळांचे फोन आले, नकाशा बघायला माणसं यायला लागली.

गुंजाळचे मेलही आले. पहिला पाडव्यानंतर आठवड्याने. “मॅडम, ती खूण चालू करू का?” दुसरा पंधरा दिवसांनी. तिसऱ्यात त्याने मंगलच्या ताज्या रेघा जोडल्या होत्या. मी तिन्ही उघडले, तिन्ही वाचले आणि तसेच ठेवले. कामं होती, हे खरं. पण त्या मेलला उत्तर द्यायला तेवढी कामं आड येत नव्हती. नुकती लिंपलेली भिंत कोण उकरायला जातं? चांगलं चाललंय तर चालू दे, असं मला वाटत होतं.

वैशाखातला शनिवार होता. दुसऱ्या एका राज्यातल्या विमानतळाचे चौघे जण नकाशा बघायला आले होते. मी त्यांना टर्मिनलभर फिरवलं आणि पावणेएकच्या सुमाराला बाहेर त्या पिवळ्या जागेवर आणलं. ऊन नुसतं भाजत होतं. माझ्या हातात टॅबलेट. मी सांगत होते, “इथे उभं राहून माणूस मोबाइलवर बघतो, आपली फ्लाइट उतरली, सामान आलं, आणि बरोबर ह्याच जागी...”

“मॅडम, जरा विचारू?”

वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता, हातात मोबाइल. त्याच्या मागे रेलिंगला धरून एक म्हातारे उभे होते. पांढरा सदरा, डोक्यावर विणलेली टोपी, काखेत हिरव्या चादरीची घडी. त्यांच्या दोन्ही बाजूंना हार-गुच्छ घेतलेली माणसं होती आणि दार सरकलं की ते इतरांसारखेच मान उंच करून आत बघत होते.

“विचार ना,” मी म्हटलं. पाहुण्यांसमोर मला आणखीच गोड व्हायचं होतं.

“हा तुमचाच नकाशा ना? ह्यात सगळं बघितलं. मयत... मयत कुठून देतात, ते मिळत नाही.”

पाहुण्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे बघितलं. मी टॅबलेट खाली केला.

“कुठली फ्लाइट?”

“मस्कत. पहाटे साडेपाचला उतरली. माझा चुलतभाऊ, असगर परकार. एजंटने लिहिलं होतं, एअरपोर्टला ताबा घ्या. नकाशात हेच लिहिलंय ना, आपल्या माणसांना इथे भेटा. म्हणून सकाळी सहापासून इथेच उभे आहोत.”

“सहापासून? अरे, दारावरच्या शिपायाला विचारलं नाहीस?”

“विचारलं. पण चाचांसमोर तो शब्द... मी म्हटलं, मस्कतवरून आमचा माणूस येणार आहे. तो म्हणाला, येईल, थांबा.”

म्हातारे पुढे आले. “काय म्हणतेय ही बाय?” त्यांनी त्याला विचारलं. मग मलाच म्हणाले, “असगर आत आहे का? एवढं सांग. उतरला ना तो?”

मी घड्याळ बघितलं. एकला दहा कमी. चार नंबरच्या खिडकीवर शनिवारी एक वाजेपर्यंतच सह्या व्हायच्या. त्या काळी आमच्याकडे तशीच रीत होती. पाहुण्यांना मी कँटीनची दिशा दाखवली, ऑफिसच्या गाडीला हात केला आणि दोघांना आत बसवलं. त्यांची अँब्युलन्स पार्किंगमध्ये होती, तिला मागून यायला सांगितलं.

“किती लांब?” मुलाने विचारलं. मुबीन त्याचं नाव.

“अडीच किलोमीटर.”

“एवढंच?” त्याने कपाळावर हात मारला. “आम्ही सात तास उभे राहिलो, आणि अडीच किलोमीटर?”

पुलाखालच्या सिग्नलला गाडी अडकली. समोर एक टँकर आडवा झाला होता. ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून ठेवला, तरी काही हलेना. म्हातारे, इब्राहिमचाचा, काचेबाहेर बघत माझ्याशी बोलायला लागले. दापोलीच्या पलीकडचं गाव. असगर एकुलता एक. तिकडे एसी दुरुस्त करायचा, झोपेतच गेला, अठरा दिवस झाले. तिकडून निघालेलं पोरगं आज अंधार पडायच्या आत मातीत जावं, असं ठरलं होतं.

“कबर सकाळीच खोदलीय, बाय,” ते म्हणाले. “गावाने लगेच काम केलं. आता खोदलेली रिकामी कशी ठेवायची? आमच्याकडे ठेवत नाहीत. त्याची माय दारात बसलीय, ती उठायला तयार नाही.”

“पोचू आपण,” मी म्हटलं. “पोचू हो चाचा.”

एक वाजून अकरा मिनिटांनी पोचलो. खिडकीला लोखंडी पट्टी लागली होती. आत पंखा फिरत होता आणि एक हवालदार डबा खात होता. मी माझं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. तो घास तसाच हातात धरून म्हणाला, “सह्या करणारे आत्ताच गेले, मॅडम. पाच मिनिटं झाली असतील. आता सोमवारी दहाला.”

“फोन लावा त्यांना.”

“लावतो, पण ते उचलत नाहीत. आणि उचलला तरी काय? शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे.”

त्याने लावला. नाही उचलला. मी माझ्या फोनवरून लावला, मंगलकडून नंबर घेऊन आणखी एकाला लावला, त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने सोमवारचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आम्ही हसत म्हणतो. त्या दुपारी मला ते म्हणताना हसलेल्या प्रत्येक वेळेची लाज वाटली. शेवटी साहेबांना लावला. रडकुंडीला आले होते मी.

“केळुसकर, कस्टम माझ्या हाताखाली नाही,” साहेब म्हणाले. “मी सांगून बघतो, पण आज काही होणार नाही. पण ती माणसं टर्मिनलला थांबलीच कशाला? आपल्या नकाशात चार नंबर फाटक आहे ना?”

“नाही, साहेब.”

“नाही? का नाही?”

मी जाळीकडे पाठ केली.

“अहो, टाकायचं ना. तेच तर लोकांना लागतं. कोणी अडवलं होतं?”

साहेबांना मी विचारलंच नव्हतं. गुंजाळला ते नको म्हणाले, असं मी कळवलं होतं, आणि ज्यांच्या नावावर मी ते खपवलं त्यांच्या कानावर गोष्ट गेलीही नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी एका शब्दात हो म्हटलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नव्हतं.

“बघते, साहेब,” म्हणून मी फोन ठेवला.

मुबीन शेडच्या जाळीला तोंड लावून आत बघत होता. आत मोठमोठी खोकी रचलेली होती, टायर, औषधांचे कार्टन, यंत्रांचे सुटे भाग, आणि त्यातलं असगरचं कुठलं ते बाहेरून कळत नव्हतं. इब्राहिमचाचा एका सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले. त्यांनी मुबीनकडून मोबाइल मागून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

“मला वाचता येतं, बाय. सात तास दुसरं करायचं काय, हेच वाचत बसलो. ह्यात संडास अठरा आहेत. लहान पोरांच्या खेळायची जागा आहे. मसाज करायची खुर्ची आहे, कुत्र्याला फिरवायची जागा आहे. माझा पोरगा कुठे उतरवतात, तेवढं राहिलं होय?”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मीही तोंड सोडलं असतं, मला ते येतं. मी म्हटलं, “सिक्युरिटीचे नियम असतात चाचा. काही गोष्टी नकाशात दाखवू देत नाहीत.”

“असतील,” ते म्हणाले. “असतील बाबा. तुमचं तुम्हाला ठाऊक.”

मी त्यांना माझ्या घरी चला म्हटलं. नाही म्हणाले. जवळच्या मशिदीत उतरायची सोय होती, ती सांगितली, तेही नाही. “त्याला इथे एकटं टाकून कुठे जाऊ? एवढ्या लांबून आलाय.” हवालदाराने सावलीत एक खाट टाकून दिली. मुबीन गावाला फोन लावायला बाजूला गेला. तो कोकणीत बोलत होता, तरी पलीकडून बायकांचा आवाज उठलेला मला तिथवर ऐकू आला.

गाडीत बसून मी गुंजाळला फोन केला.

“ती खूण चालू करा.”

“साहेब तयार झाले?” त्याने विचारलं.

“चालू करा, गुंजाळ.”

“मॅडम, काही झालं का?”

“झालं.”

“थांबा. फोन ठेवू नका.” की-बोर्डचा आवाज आला. त्याची छोटी मुलगी मागे काहीतरी मागत होती, तिला त्याने दामटलं. “झालं. बघा उघडून.”

मी बघितलं. चार नंबरचं फाटक, रस्ता, वेळ, कागदांची यादी. शनिवारी एकपर्यंत, हे ठळक अक्षरात. फोन लावल्यापासून गाडीतल्या घड्याळावर चार मिनिटं गेली होती.

रविवारी मी तिकडे गेले नाही. जायला हवं होतं. मी घरात कपाटं आवरत बसले. नवरा म्हणाला, “आज काय दिवाळी काढलीस?” तर त्याच्यावर ओरडले. संध्याकाळी मंगलचा फोन आला. ती सुट्टीच्या दिवशी अंबाड्याच्या आपल्या घरून दोन गाड्या बदलून त्यांना भाकरी आणि मासे घेऊन गेली होती. म्हातारा खात नाही, मुलगा खातो, एवढं तिने सांगितलं. मला का नाही आलात, असं तिने विचारलं नाही.

सोमवारी मी साडेनऊलाच फाटकाशी उभी राहिले. दहाला खिडकी उघडली. आता काय, सगळं भराभर झालं. शिक्के, सह्या, पावती. वरातीमागून घोडं कसं दुडक्या चालीने येतं, ते मी तिथे उभी राहून बघत होते. पावणेअकराला चार हमालांनी पेटी आणली. पातळ लाकडाची, बाहेरून गोणपाट, वर काळ्या शाईत नाव आणि वजन लिहिलेलं. इब्राहिमचाचांनी तिच्यावर ती हिरवी चादर पसरली, चारही कोपरे ओढून नीट केले आणि तिच्यावर हात ठेवून तोंडातल्या तोंडात काही म्हणाले.

“कबरीत फळी टाकून ठेवलीय,” मुबीन मला हळूच म्हणाला. “दोन दिवस गावची पोरं पाळीपाळीने बसलीत तिथे. चाचीने तेव्हापासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

पेटी अँब्युलन्समध्ये चढली. चाचा दाराशी थांबले, आणि मुबीनला म्हणाले, “तिला दाखव रे ते.” मुबीनने मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. नकाशावर चार नंबरच्या फाटकाशी छोटीशी निळी खूण होती.

“शनिवारी हे नव्हतं,” चाचा म्हणाले. “मी सगळं वाचलं होतं, हे नव्हतं. काल पोराने पुन्हा बघितलं तर आलेलं. कोणी टाकलं?”

“मी सांगितलं टाकायला,” मी म्हटलं.

“असगरसाठी?”

हे सगळं त्यांना सांगायची ती जागा होती. पाडवा, मंत्री, तीन मेल, न विचारलेले साहेब. दोन वाक्यांत झालं असतं. मी तोंड उघडलं.

पण म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. “दोन दिवसांत केलंस, बाय. नियम मोडून केलंस ना? तुझ्यावर कोणी रागावलं नाही ना? आता दुसऱ्या कुणाच्या बापाला उभं राहायला नको.” ते पुढे आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “अल्ला तुझ्या पोराबाळांना सुखरूप घरी आणो.”

मी वाकले. त्यांनी हात काढेपर्यंत वाकूनच राहिले आणि काही बोलले नाही.